माल की माणसं?

मंडळी, या विकांताचा विषय जरा डिझेलचा वास येणारा आहे. नाकाला रुमाल लावून वाचा!

'ट्रक घ्यावा की एसयूव्ही?' या प्रश्नावर आमच्या क्लायंटकडची अमेरिकन मंडळी कॉल सुरू व्हायच्या आधीची दहा मिनिटं आरामात घालवतात. त्यांचा ट्रक म्हणजे आपला पिकअप. मागे उघडा हौदा, पुढे चार-पाच जणांची केबिन, आणि ऑफिसलाही त्यातूनच यायचं. पुण्यात आमच्या टीममध्ये हा प्रश्न कुणाला पडत नाही. इथे वाद फार तर क्रेटा की स्कॉर्पिओ एवढाच. पण वाशीम जिल्ह्यातल्या अनसिंगला, म्हणजे माझ्या आजोळी, हाच प्रश्न पिढ्यान्‌पिढ्या वेगळ्या शब्दांत विचारला जातोय: गाडी मालासाठी, की माणसांसाठी?

अनसिंग हे वाशीम-पुसद रस्त्यावरचं मोठं गाव. रेल्वे नाही. अकोला-पूर्णा लाइन वाशीमवरून खाली हिंगोलीकडे निघून जाते, अनसिंगकडे ढुंकूनही बघत नाही. त्यामुळे कापूस असो, सोयाबीन असो, बाळंतीण असो की वऱ्हाड असो, सगळं रस्त्यानंच जाणार.

मोटारी येण्याआधी वऱ्हाडात या प्रश्नाचं उत्तर अगदी साफ होतं. मालासाठी बंडी, माणसांसाठी दमणी. बंडी म्हणजे जड बैलगाडी; तिच्यात कापूस, कडबा, शेणखत, काहीही टाका. दमणी हलकी, वर छत असलेली, पळणारे बैल जुंपलेली. लेकीला सासरी सोडायला दमणी निघायची. ज्याला परवडायचं तो दोन्ही ठेवायचा, आणि ज्याला नाही तो बंडीत गवत टाकून वर सतरंजी अंथरायचा. म्हणजे बघा, 'ट्रक की एसयूव्ही' हा सेगमेंट आपल्याकडे इंजिनाच्या आधीपासून आहे!

हा नीट आखलेला भेद पुसला तो जीपनं.

जीप जन्मली दुसऱ्या महायुद्धात, अमेरिकन सैन्यासाठी. युद्ध संपल्यावर विलीस कंपनीसमोर प्रश्न उभा राहिला की आता ही विकायची कुणाला? त्यांनी १९४५ मध्ये 'सीजे-२ए' नावाचं नागरी मॉडेल काढलं आणि ते थेट शेतकऱ्याला विकायला घेतलं. नांगर ओढा, इंजिनाच्या जोरावर मळणीयंत्र चालवा, माल वाहा, आणि रविवारी चर्चला जा. एकाच गाडीत ट्रॅक्टर, टेम्पो आणि मोटार! त्याच वर्षी, २ ऑक्टोबर १९४५ ला, आपल्याकडे 'महिंद्र अँड मोहम्मद' ही कंपनी स्थापन झाली. त्यातले गुलाम मोहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री आणि पुढे गव्हर्नर जनरल झाले. इकडे १९४८ मध्ये कंपनीचं नाव बदलून 'महिंद्र अँड महिंद्र' झालं, आणि मुंबईत विलीसच्या जीपा जुळवायला सुरुवात झाली.

पण खेड्यानं जीप पहिल्यांदा पाहिली ती सरकारची. १९५२ मध्ये सामूहिक विकास कार्यक्रम सुरू झाला, १ मे १९६२ ला महाराष्ट्रात जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या आल्या, आणि 'बीडीओची जीप' हा शब्द मराठीत कायमचा दाखल झाला. वसंतराव नाईक १९६३ ते १९७५ मुख्यमंत्री होते, ते याच रस्त्याच्या दुसऱ्या टोकाच्या पुसदचे. त्या काळात जीप म्हणजे साहेब, निवडणूक किंवा पोलीस. स्वतःच्या दारात जीप असावी असं सामान्य शेतकऱ्याच्या स्वप्नातही येत नसे. शिवाय ती पेट्रोल पिणारी.

मालाच्या बाजूला गोष्ट वेगळी घडत होती. १९५८ मध्ये पुण्याच्या फिरोदियांनी बजाज टेम्पो कंपनी उभी केली. 'टेम्पो' हे मूळचं हॅम्बुर्गच्या एका जर्मन वाहन कंपनीचं नाव, आणि आज आपण कुठल्याही छोट्या मालगाडीला टेम्पो म्हणतो. पुढे याच कंपनीचा मॅटाडोर आला, आणि १९८६ मध्ये टाटांची ४०७. ही दोन-अडीच टनांची गाडी इतकी चिवट निघाली की आजही तिचे वंशज बाजार समितीच्या फाटकावर रांगेत उभे दिसतात. गंमत म्हणजे विदर्भात अनेक जण ४०७ लाही 'मॅटाडोर'च म्हणतात. ब्रँड गेला, नाव राहिलं.

आता येऊ खऱ्या क्रांतीकडे. ती म्हणजे डिझेल. महिंद्रनं जीपमध्ये डिझेल इंजिन बसवलं. ऐंशीच्या दशकापासून फ्रान्सच्या प्यूजोच्या परवान्यानं बनलेलं इंजिन आलं, आणि लांब चासीची कमांडर जीप खेड्यापाड्यांत पोचली. डिझेल तेव्हा पेट्रोलपेक्षा बरंच स्वस्त होतं (त्याच्या किमतीवरचं सरकारी नियंत्रण थेट ऑक्टोबर २०१४ मध्ये उठलं). एसटी दिवसातून दोन-तीनदा येणार, आणि मधल्या वेळात माणसं फाट्यावर ताटकळणार. ही पोकळी भरली काळी-पिवळीनं.

काळी-पिवळी ही कायद्याच्या भाषेत 'मॅक्सी कॅब'. मोटार वाहन कायदा १९८८ सांगतो की तिच्यात ड्रायव्हर सोडून सहापेक्षा जास्त आणि जास्तीत जास्त १२ प्रवासी. टप्प्याटप्प्यावर प्रवासी घ्यायचा हक्क एसटीचा. पण लहानपणी वाशीमहून आजोळी जाताना मी ज्या काळी-पिवळीत बसायचो, तिच्यात बारा शिटा भरल्या म्हणजे ड्रायव्हर नुसता इंजिन गरम करायला घ्यायचा! मागच्या दारावर लटकलेले वेगळे, टपावरचे कट्टे वेगळे, आणि पायाशी एखादी बकरी. माल आणि माणसं यांचं इतकं संपूर्ण इंटिग्रेशन मी नंतर कुठल्याही प्रोजेक्टमध्ये पाहिलेलं नाही.

आता थोडं इंजिनिअरिंग. टाटांनी १९८८ मध्ये 'टाटामोबाइल' हा पिकअप आणला. त्याच चासीच्या पायावर १९९१ मध्ये सिएरा आली, १९९२ मध्ये इस्टेट, आणि १९९४ मध्ये सुमो (सुमंत मुळगावकरांच्या नावातली पहिली अक्षरं: सु-मो). म्हणजे ज्या सुमोत बसून लोक रुबाबात लग्नाला जायचे, ती आणि वांग्याच्या गोण्या वाहणारा २०७ पिकअप ही सख्खी भावंडं. अमेरिकेतही हेच घडलं. फोर्डची एक्सप्लोरर १९९० मध्ये आली ती त्यांच्या रेंजर या पिकअपच्या सांगाड्यावर. महिंद्रची बोलेरो २००० साली आली, आर्माडाच्या घराण्यातली, आणि बोलेरो पिकअप तिचा भाऊ. आपल्या भाषेत सांगायचं तर बॅकएंड एकच, फ्रंटएंड दोन. तीच शिडीसारखी चासी, मागे तेच पाटे.

मग फरक कुठून आला? मोठा भाग कायद्यातून. अमेरिकेत १९६४ पासून परदेशी हलक्या ट्रकवर २५ टक्के आयातकर बसला, आणि १९७५ च्या इंधन-बचतीच्या कायद्यातून हलक्या ट्रकना मोटारींपेक्षा सैल निकष मिळाले. एसयूव्ही कागदावर ट्रक ठरली आणि कंपन्यांनी तो धंदा हातात घेतला. आपल्याकडे उलट. इथे पिकअप घेतला की तो व्यावसायिक मालवाहू. पिवळी पाटी, पहिली आठ वर्षं दर दोन वर्षांनी फिटनेस, नंतर दरवर्षी. त्याच चासीवरची बोलेरो पांढऱ्या पाटीवर घेतली तर पंधरा वर्षं आरटीओचं तोंड बघायला नको. अमेरिकन माणूस पिकअपमधून ऑफिसला जातो आणि अनसिंगचा शेतकरी बोलेरोच्या मागच्या शिटा काढून त्यात खताच्या बॅगा टाकतो, यात स्वभावाचा भाग थोडा आणि कागदपत्रांचा भाग जास्त आहे.

आता भरवशाचं बोलू. आपण आयटीवाले सर्व्हरच्या बाबतीत दोन आकडे बघतो. एक, दोन बिघाडांमध्ये सरासरी किती वेळ जातो. आणि दोन, बिघडल्यावर दुरुस्तीला किती वेळ लागतो. शहरातला ग्राहक पहिलाच आकडा बघतो: 'गाडी बंद पडता कामा नये.' खेड्यातला ग्राहक दुसरा बघतो: 'पडली तर संध्याकाळपर्यंत चालू झाली पाहिजे.' कमांडर, सुमो, ४०७ काही बिघडत नव्हत्या असं नाही, चांगल्या बिघडायच्या. पण क्लचप्लेट जळाली, पाटा तुटला, नोझल चोंदलं, तर वाशीमचा मिस्त्री दुपारपर्यंत काम उरकायचा, आणि तोच पार्ट दोन-तीन गाड्यांना बसायचा. २००० ते २००५ या काळात विकली गेलेली टोयोटाची क्वालिस बिघडायची कमी, हे सगळेच मान्य करतात. तरीही जिथे सर्व्हिस सेंटर लांब, तिथे हिशोब मिस्त्रीच्या बाजूनं झुकायचा.

हा हिशोब आता बदललाय. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू झालं. डिझेल इंजिनात सेन्सर वाढले, धुराची काजळी अडवणारा फिल्टर आला, आणि मिस्त्रीच्या पान्यासोबत स्कॅनर लागायला लागला. हवा स्वच्छ झाली, ती व्हायलाच हवी होती. पण 'गावातच दुरुस्त होते' हे जुनं गणित कुठलीही नवी गाडी घेताना आता गृहीत धरता येत नाही, मग तो पिकअप असो की एसयूव्ही. सुमो तर २०१९ मध्ये बंदच झाली.

एवढं सगळं उगाळायचं कारण म्हणजे मामांचा परवाचा फोन. "पोरा, अशी गाडी सांग का जिच्यात सोयाबीन बी जाईन अन् तुही मामी बी जाईन." म्हणजे जीप! १९४५ ची जाहिरातच पुन्हा. मामांच्या मनात डबल केबिनसुद्धा नव्हती. साधा पिकअप घ्यायचा, आणि लग्नाकार्याला, जत्रेला, निंदणीच्या बायका न्यायला मागच्या हौद्यात सतरंजी टाकायची. बंडीत टाकायचे तशी.

इथे मात्र मी अडलो. बंडी तासाला चार-पाच किलोमीटरनं जायची, पिकअप साठनं जातो. हौद्यात ना शीट, ना पट्टा, ना डोक्यावर काही. ११ ऑगस्ट २०२५ ला, श्रावणी सोमवारी, पुणे जिल्ह्यातल्या खेड तालुक्यात कुंडेश्वराच्या दर्शनाला निघालेल्या बायकांचा पिकअप घाटात कोसळला आणि किमान १० जणी गेल्या. त्याआधी २० मे २०२४ ला छत्तीसगडच्या कवर्ध्याजवळ तेंदूपत्ता तोडून परतणाऱ्या मजुरांच्या पिकअपमध्ये १९ जीव गेले. मालवाहू गाडीत प्रवासी बसवायला कायद्यात मनाई आहे आणि विम्याचा दावाही अडचणीत येतो, हे खरं. पण कायदा बाजूला ठेवला तरी, एकाच हौद्यात माल आणि माणसं ही सोय स्वस्त दिसते ती फक्त काही घडत नाही तोवर. काळी-पिवळीच्या आठवणी मीही हसत सांगतो, पण त्या गर्दीत आपण गंमत म्हणून बसत नव्हतो. पुढची एसटी नव्हती म्हणून बसत होतो.

म्हणून मी मामांना एक्सेल न उघडता साधा हिशोब सांगितला. "मामा, तुमचं शेत दहा एकर. एकरी सहा-सात क्विंटल सोयाबीन धरलं तर साठ-सत्तर क्विंटल, म्हणजे सहा-सात टन. दीड टनाच्या पिकअपला चार-पाच खेपा. शेजारच्या ट्रॅक्टर-ट्रॉलीला दोन-तीन. सगळा माल बाजारात न्यायला वर्षातले तीन-चार दिवस. त्यासाठी गाडी भाड्यानं घ्या. उरलेले तीनशे साठ दिवस तुम्ही काय वाहता? मामीला, आजीला, तालुक्याच्या कामाला स्वतःला, आणि फार तर दोन बॅगा खत. मग गाडी माणसांची घ्या."

पैशाचं कारणही आता उरलेलं नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून मालवाहू गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, मोठ्या एसयूव्हींवर ४० टक्के लागला, पण चार मीटरच्या आत आणि दीड लिटरच्या आत डिझेल इंजिन असलेल्या गाड्याही १८ मध्येच बसल्या. बोलेरो त्यात येते. म्हणजे करापुरती तरी ही दोन भावंडं एका पंगतीत आली.

माणसांची गाडी घेताना मात्र नुसता दणकटपणा बघू नका, हेही मी त्यांना सांगितलं. २०२४ मध्ये ग्लोबल एनकॅपच्या चाचणीत बोलेरो निओला प्रौढांच्या सुरक्षेसाठी एकच तारा मिळाला. पत्रा जाड असला म्हणजे आतला माणूस वाचतोच असं नाही. एअरबॅग किती, मागच्या प्रत्येक शिटेला पट्टा आहे का, मागची शीट समोर तोंड करून आहे की आडवी, हे तीन प्रश्न ॲव्हरेजच्या आधी विचारायचे.

पुण्यात बसून महिन्याला दोनदा गावी जाणाऱ्या आपल्यासारख्यांनाही हेच लागू आहे. वर्षातून एकदा फ्रिज हलवायचाय म्हणून ट्रक लागत नाही, आणि वर्षातून एकदा ताम्हिणी चढायचाय म्हणून फोर बाय फोर लागत नाही. वर्षाचे ३६५ दिवस कागदावर मांडायचे आणि गाडीत बहुतेक दिवस कोण किंवा काय असणार आहे ते बघायचं. जुन्या वऱ्हाडी माणसानं बंडी आणि दमणी वेगळी ठेवली होती, ती उगाच नाही.

असो. लांबलं जरा. पुढच्या शनिवारी वाशीमवरून जाणाऱ्या जुन्या मीटरगेजवर लिहायचा विचार आहे. तोवर पट्टा लावा, मागे बसलात तरी!