रुपयामागे एक आणा

गिरणगावात 'पेन्शन' हा शब्द सरकारी माणसाचा. कामगाराचा शब्द 'फंड', म्हणजे प्रॉव्हिडंट फंड. मुलीचं लग्न फंडावर, गावच्या घराची कौलं फंडावर, आणि गिरणी सुटली की 'फंड-सर्व्हिस' घेऊन माणूस कोकणात. पुढे या फंडाच्याच पोटी पेन्शन जन्माला आली, पण ती कामगाराला कधी आपली वाटली नाही. ती समजावून सांगायचं काम युनियनच्या टेबलावर येऊन पडलं.

सुरुवातीला युनियननेही ती मागितली नव्हती. 1884 साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांच्या मागण्या मांडल्या. त्यात आठवड्याची सुट्टी होती, दुपारची अर्धा तास विश्रांती, वेळेवर पगार, अपघाताची भरपाई होती. म्हातारपण नव्हतं. ते गावाने सांभाळायचं, असं सगळेच धरून चालले होते. मालकांना तर ते सोयीचंच होतं. 1925 च्या कायद्याने सरकारी आणि रेल्वेच्या फंडाला संरक्षण दिलं. गिरणीवाला बाहेरच राहिला.

कोळसा खाणींना फंडाचा कायदा 1948 मध्ये मिळाला. कापड गिरण्यांसाठी 15 नोव्हेंबर 1951 चा वटहुकूम आणि मग 1952 चा कायदा यावा लागला. सिमेंट, सिगारेट, इंजिनिअरिंग, लोखंड-पोलाद, कागद आणि कापड, असे सहाच उद्योग त्यात होते. वर्गणी सव्वासहा टक्के, म्हणजे रुपयामागे बरोबर एक आणा. एक कामगाराचा, एक मालकाचा. अंगठेबहाद्दरालाही बोटांवर करता येईल असा हिशेब! माझ्या मते त्या कायद्याचा सगळ्यात मोठा गुण हाच. फंडाच्या विश्वस्त मंडळावर सरकार आणि मालकांच्या बरोबरीने कामगारांचे प्रतिनिधीही बसले.

1971 मध्ये कुटुंब पेन्शन आली. कामगार नोकरीत असताना गेला, तर घरच्यांना आधार. आणि 16 नोव्हेंबर 1995 पासून मालकाच्या तोवर वाढलेल्या वाट्यातून पगाराचे 8.33 टक्के थेट पेन्शन योजनेकडे वळले. बोटांवरचा हिशेब इथे संपला. पेन्शनपात्र पगार गुणिले सेवेची वर्षं, भागिले 70. हा 70 कुठून आला, ते गेट मीटिंगमध्ये कुणी समजावून दाखवावं! 'हातातला फंड बरा' म्हणत काही युनियन कोर्टात गेल्या. 2003 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने योजना वैध ठरवली.

आता युनियन ऑफिसातलं एक दृश्य ठरलेलं. पोरगा मोबाइलवर पासबुक उघडून विचारतो, "कंपनीने माझे साडेबाराशे खाल्ले का?" टेबलामागचा माणूस कागदाच्या मागच्या बाजूला मांडून दाखवतो: पगार 15,000, मालकाचे 12 टक्के म्हणजे 1,800. त्यातले 1,250 पेन्शनला, उरलेले 550 फंडात. पेन्शनच्या रकान्यात व्याज दिसत नाही, कारण ती तुझी ठेव नाही. तुला मिळणार ती वर्षांच्या हिशेबाने. मग तो खरा प्रश्न विचारतो, "आजवर किती कंपन्या बदलल्यास? दर वेळी पैसे काढलेस का?" पोरगा गप्प होतो.

हे काम भाषणाचं नाही, त्याला टाळ्या पडत नाहीत. म्हणूनच बोनससाठी गेट बंद पाडणाऱ्या अनेक युनियननी ते एका कारकुनावर सोडून दिलं, असं माझं स्पष्ट मत आहे. त्याचं फळ एप्रिल 2016 मध्ये बंगळुरूत दिसलं. मालकाचा वाटा 58 व्या वर्षापर्यंत काढता येणार नाही असा नियम येताच कापड-शिलाई कारखान्यांतल्या हजारो बाया रस्त्यावर आल्या, त्याही कुठल्या युनियनच्या हाकेशिवाय. दोन दिवसांत सरकारने नियम मागे घेतला. बायांना फंड पक्का कळत होता. पुढारी मागून पोचले.

नोव्हेंबर 2022 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर वाढीव पेन्शनचे पर्याय-अर्ज निघाले, आणि जुन्या पगाराच्या चिठ्ठ्या शोधत पुन्हा सगळे त्याच टेबलाशी आले.

दहा वर्षांची सेवा भरली नाही, तर महिन्याची पेन्शन नाही. नोकरी सोडताना भरायच्या 10-सी अर्जात दोन वाटा असतात: पैसे काढा, किंवा स्कीम सर्टिफिकेट घेऊन आजवरची वर्षं पुढच्या नोकरीत जोडा. अर्ज एकच आहे. खूण कुठे करायची ते आधी विचारून घ्या.