बोर्डी आणि कोसबाड : अंगणात वाढलेले बालशिक्षण

तीन ते सहा वर्षांच्या मुलांनी शाळेत काय शिकावे, या प्रश्नाला महाराष्ट्रात जे उत्तर घडत गेले, त्यात शिक्षणतत्त्वांइतकाच शिक्षणसाधनांच्या किमतीचाही वाटा होता. मारिया माँटेसरी यांनी १९०७ मध्ये रोममधील सान लोरेन्झो या गरीब वस्तीत पहिले बालगृह उघडले, तेव्हा त्यांच्या पद्धतीचा पाया होता इंद्रियशिक्षण, म्हणजे अक्षरे व अंक यांच्या आधी स्पर्श, दृष्टी, श्रवण आदींना सूक्ष्म भेद ओळखण्याची सवय लावणे. त्यासाठीची साधने काटेकोर मापाची असत. गुलाबी मनोऱ्याचे दहा घन एक सेंटिमीटरपासून दहा सेंटिमीटरपर्यंत क्रमाने वाढत जातात, आणि लाकडी ठोकळ्यातील प्रत्येक दंडगोल केवळ आपल्याच खाचेत नीट बसतो, त्यामुळे मुलाची चूक साधनच दाखवून देते व शिक्षिकेला बोलावे लागत नाही. गरिबांच्या वस्तीत जन्मलेली ही पद्धत पुढे बहुतेक ठिकाणी सुखवस्तू घरांतील मुलांची होऊन बसली, याचे एक कारण या नेमक्या आणि म्हणूनच महाग साहित्यात होते.

ही पद्धत पश्चिम भारतात रुजवण्याचे श्रेय प्रामुख्याने गिजुभाई बधेका यांच्याकडे जाते. वकिली सोडून शिक्षणाकडे वळलेल्या गिजुभाईंनी १९२० मध्ये भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत बालमंदिर सुरू केले आणि माँटेसरीच्या साधनांना गोष्ट, गाणे, लोकखेळ व नाट्य यांची जोड दिली. काही वर्षांनी ताराबाई मोडक तेथे दाखल झाल्या आणि १९२६ मध्ये दोघांच्या पुढाकाराने नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. मात्र हे सारे काम मुख्यतः शहरी, शिक्षित कुटुंबांपुरतेच राहिले होते.

ती मर्यादा ताराबाईंनी १९४५ मध्ये, आज पालघर जिल्ह्यात असलेल्या बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्र काढून ओलांडली, आणि त्या कामात अनुताई वाघ त्यांच्या सहकारी झाल्या. वस्तीतील दलित मुले बालवाडीपर्यंत येत नाहीत असे दिसल्यावर शिक्षिकाच साहित्य घेऊन त्यांच्या अंगणात जाऊ लागल्या, आणि या फिरत्या वर्गाला अंगणवाडी हे नाव पडले. येथे दिवसाचा पहिला पाठ तोंड धुणे, नखे काढणे व केस विंचरणे हा असे. त्यानंतर गाणी, गोष्टी व इंद्रियशिक्षण. शिंपले, खडे, बिया, पाने, माती आणि बांबू हे विकत न आणावे लागणारे, हाताशी असणारे पदार्थ मोजायला, लावायला, रंग-आकारांनुसार वेगळे करायला वापरले गेले. यात माँटेसरीच्या मापांची अचूकता हरवली, हे मान्य करावे लागते, कारण शिंपल्यांची रास मुलाची चूक आपोआप दाखवत नाही. तेथे शिक्षिकेची नजर पुन्हा आवश्यक ठरते. परंतु मुलाच्या परिसरातीलच वस्तू त्याच्या बुद्धीला खाद्य पुरवतात, हे या बदलाने सिद्ध केले, आणि ती प्राप्ती अधिक मोलाची मानली पाहिजे.

पुढे हे कार्य डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर, वारली आदिवासींच्या वस्तीत गेले. तेथे मोठी मुले धाकट्या भावंडांना सांभाळत किंवा गुरे राखत, आणि केवळ बालवाडी उघडून हा पेच सुटणारा नव्हता. म्हणून पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकत्र चालवणारी विकासवाडी आकाराला आली, तर गुराख्यांसाठी चराईच्या जागीच वर्ग भरवणारी कुरणशाळा निघाली. शाळेची वेळ आणि जागा मुलाच्या कामाशी जुळवून घेण्याचा हा विचार आजही बहुतेक शाळांना झेपलेला नाही.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना प्रारंभी ३३ प्रकल्पांत सुरू केली, तेव्हा तिच्या गावपातळीवरील केंद्रालाही अंगणवाडी हेच नाव मिळाले. योजनेच्या सहा सेवांपैकी पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भसेवा आणि महिलांसाठीचे पोषण व आरोग्यशिक्षण या पाच सेवा शरीराशी निगडित होत्या, आणि अनौपचारिक पूर्वप्राथमिक शिक्षण ही केवळ एक. कुपोषणाची तीव्रता पाहता हा क्रम समजण्याजोगा असला, तरी वजने, नोंदवह्या आणि आहारवाटप यांत सेविकेचा वेळ जाऊ लागल्यावर गाणी, बिया आणि खडे यांच्या वाट्याला दिवसाचा उरलासुरला भाग आला.