कॅथलिक नित्योपासना : ठाणे–कल्याण परिसर

रोजच्या जगण्यात बायबलवाचन, मनन व प्रार्थना यांद्वारे श्रद्धा जपण्याची रीत. या भागातील ख्रिस्ती वस्ती जुनी आहे. सहाव्या शतकात कॉस्मस या ग्रीक प्रवाशाने ‘कलियाना’ येथे पर्शियातून नेमलेला बिशप असल्याचे नोंदवले. हे ठिकाण सामान्यतः कल्याण मानले जाते. १३२१ मध्ये ठाण्यात चार फ्रान्सिस्कन धर्मबंधूंनी प्राण दिले. तलावपाळीजवळचे सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्च ही पोर्तुगीज काळाची खूण. सिरो-मलबार पंथाचा कल्याण धर्मप्रांत १९८८ चा.

लॅटिन पंथाच्या मिस्सेतील (मुख्य उपासनाविधीतील) रविवारची वाचने तीन वर्षांच्या, उपासनावर्षाच्या सामान्य काळातील इतर दिवसांची पहिली वाचने दोन वर्षांच्या चक्राने येतात आणि हे चक्र सगळीकडे सारखेच असते. त्यामुळे डोंबिवलीहून पहाटेची लोकल गाठणारा आणि रोममधला भाविक एकाच दिवशी शुभवर्तमानाचा एकच उतारा वाचू शकतात. या उपासनेचे खरे बळ इथेच आहे. उतारा सावकाश वाचायचा, मनात रुतलेल्या शब्दापाशी थांबायचे, त्यावरच देवाशी बोलायचे, मग गप्प बसायचे. ही रीत मुळात मठांतली; दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये शास्त्रवाचनाचा आग्रह सर्वच श्रद्धावंतांना केला. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या ‘सुबोध बायबल’ने मराठी वाचकाला त्यासाठी घरची भाषा दिली.

संध्याकाळी जपमाळ. एका फेरीत पाच दशके, म्हणजे दहा-दहा मण्यांचे पाच गट. बोटे मण्यांवरून सरकतात, चित्त ख्रिस्तचरित्रातील एकेका प्रसंगावर राहते. ऑक्टोबर हा जपमाळेचा महिना.