कपड्यांतला खेळ आणि कपड्यांतली अडचण

  विषय ऐकून काही जण हसले, ते मला दिसलं. तत्त्वज्ञान शिकवणारा माणूस फॅशनवर काय बोलणार? तर आज मी एकच मुद्दा मांडणार आहे. कपड्यांमध्ये जे प्रकार आपल्याला वेडेपणाचे वाटतात, त्यांच्यातले जे टिकतात, त्यांच्यामागे बहुतेक वेळा एखादी नेमकी अडचण असते. ती सापडली की त्या वेडेपणातला विचार दिसतो. आणि हे न बघितल्यामुळे आपण मराठी माणसांनी आपल्याच एका मोठ्या कलावंत बाईंची ओळख अर्धवट ठेवली. त्यांच्याकडे मी येणारच आहे.

सुरुवात एका डचमनपासून करू. योहान हाउझिंगा हा इतिहासकार. १९३८ साली त्याने 'होमो लुडेन्स' हे पुस्तक लिहिलं. लुडेन्स म्हणजे खेळणारा. संस्कृती खेळातून उभी राहते असं तो म्हणतो, आणि उदाहरणांमध्ये चक्क युरोपातल्या पुरुषांचे केसांचे टोप घेतो. आधी टक्कल झाकायला आलेली वस्तू, मग प्रतिष्ठेची, आणि शेवटी निव्वळ खेळाची. आपल्याला 'लीला' हा शब्द परका नाही. सृष्टीसुद्धा लीला आहे, असं मानणारी आपली परंपरा. पण खेळाला नियम लागतात, हे आपण विसरतो. लंगडीत दुसरा पाय टेकला की गडी बाद. दोन्ही पायांनी धावायची मुभा दिली, तर ती लंगडीच उरत नाही. म्हणजे अडचण ही खेळाची शत्रू नाही, ती त्याची अट आहे.

आता फॅशनमधला खेळ बघा. पॅरिसची एल्सा स्कियापरेल्ली. साल्वादोर दालीबरोबर तिने बुटाच्या आकाराची टोपी केली. पायातली वस्तू डोक्यावर. १९३७ च्या तिच्या पांढऱ्या झग्यावर दालीने काढलेली लालभडक शेवंड आहे. हो, तीच शेवंड, आपल्या नायगाव-अर्नाळ्याच्या लोकांना वेगळी सांगायला नको. ही झाली गंमत. गंमतीला कमी लेखू नका, पण पुढचं उदाहरण मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

१९४५ साल. पॅरिस जर्मनांच्या ताब्यातून सुटलेलं, पण कापड नाही, कातडं नाही, पैसा नाही. फॅशनचा धंदा उभा कसा करायचा? त्यांनी तारेच्या बाहुल्या केल्या, साधारण ७० सेंटिमीटर उंचीच्या, आणि शहरातल्या नामांकित फॅशनघरांनी त्या बाहुल्यांसाठी कपडे शिवले. छोटी बटणं, छोट्या पर्स, छोटे बूट, सगळं खऱ्यासारखं. प्रदर्शनाचं नाव 'तेआत्र द ला मोद', म्हणजे फॅशनची रंगभूमी. बघायला ही भातुकली. पण माणसाच्या मापाला कापड नाही, तर माप लहान करा, हे त्या भातुकलीमागचं गणित.

याचीच पुनरावृत्ती २०२० साली झाली. करोनामुळे रॅम्पवर माणसं चालवता येईनात. मोस्किनो कंपनीसाठी जेरेमी स्कॉटने सप्टेंबरमध्ये दोऱ्यांवर नाचणाऱ्या बाहुल्यांचा रॅम्प केला. चालणाऱ्याही बाहुल्या आणि बघणारे प्रेक्षकही बाहुल्या. लोकांनी तो घरी बसून फिल्म म्हणून पाहिला. आपल्याकडे सिंधुदुर्गातल्या पिंगुळीचे ठाकर कलाकार कळसूत्री बाहुल्या नाचवतात, तो प्रकार ज्याने पाहिलाय त्याला यातली गंमत लगेच कळेल.

'फॅशन फिल्म' हा शब्द इथे आला, तो जरा उलगडतो. साध्या भाषेत सांगायचं तर, ज्या फिल्ममध्ये कपडा हाच नायक असतो ती फॅशन फिल्म. फोटोत कपडा स्थिर असतो, फिल्ममध्ये तो हलतो, आणि हलताना काय होतं हे दाखवणं हा तिचा विषय. निक नाइट या छायाचित्रकाराने २००० साली लंडनमध्ये 'शो-स्टुडिओ' नावाची वेबसाइट काढली आणि या प्रकाराला घर मिळालं. २००९ मध्ये गॅरेथ प्यू या डिझायनरने तर पॅरिसमध्ये रॅम्पऐवजी फिल्मच दाखवली. पाश्चात्त्य इतिहास असा सांगितला जातो. माझं म्हणणं असं, की आपल्याकडे ही चीज त्याच्या कितीतरी आधीपासून होती. तिचं नाव सिनेमातलं गाणं. पाच मिनिटं कथा थांबते, नायिका नाचते आणि दुसऱ्या दिवशी गावातल्या शिंप्याकडे तसाच कपडा मागायला रांग लागते.

आता भानू अथय्या. जन्म २८ एप्रिल १९२९, कोल्हापूर. माहेरचं नाव भानुमती राजोपाध्ये. वडील अण्णासाहेब चित्रकार, बाबूराव पेंटरांच्या सिनेमांशी जोडलेले. ते भानूताईंच्या लहानपणीच गेले. पुढे त्या मुंबईत जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकल्या. सूझा, रझा, हुसेन, आरा, बाकरे, गाडे यांनी १९४७ साली प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप काढला होता. त्या गटाच्या १९५३ च्या प्रदर्शनात भानूताईंची चित्रं लागली होती. बायकांपैकी त्या एकट्याच. म्हणजे ज्याला कलेच्या भाषेत अवाँ-गार्द म्हणतात, आघाडीवर चालणारी तुकडी, तिच्यात ही कोल्हापूरची मुलगी होती.

मग त्या 'ईव्हज वीकली' या साप्ताहिकासाठी फॅशनची रेखाटनं करू लागल्या आणि तिथून सिनेमात गेल्या. आपल्या कलेच्या इतिहासाने इथे काय केलं? गटातल्या पुरुषांवर पुस्तकं निघाली. भानूताईंचं नाव त्या यादीतून जवळपास गळलं. चित्रकला सोडून कपडे शिवायला गेल्या, असा एकूण सूर. मला हा सूर मुळातच चुकीचा वाटतो, आणि तो का, हे दोन उदाहरणांनी दाखवतो.

पहिलं उदाहरण १९६६ चं. त्या वर्षी पॅरिसमध्ये पाको राबान या तरुणाने बारा झगे दाखवले आणि स्वतःच जाहीर केलं की हे अंगात घालण्यासारखे नाहीत. प्लास्टिकच्या आणि धातूच्या चकत्या कड्यांनी जोडलेल्या. सुईचं काम पकडीने केलेलं. त्याच वर्षी विल्यम क्लाइनचा 'पॉली मॅगू' हा सिनेमा आला. त्यात पत्र्याचे कपडे घातलेल्या मॉडेल आहेत, आणि त्या कपड्यांवर भाळणाऱ्या फॅशनवाल्यांची यथेच्छ टिंगल आहे. आणि त्याच १९६६ मध्ये आपल्याकडे 'आम्रपाली' आला, वैजयंतीमालेचा. त्याच्या कपड्यांसाठी भानूताईंनी अजिंठ्याच्या चित्रांचा अभ्यास केला. अडचण अशी होती, की भिंतीवरच्या चित्रातली स्त्री नाचत नाही. तिचं वस्त्र रंगाचं आहे, त्याला वजन नाही, ते घसरत नाही. पडद्यावरच्या नटीला मात्र श्वास घ्यायचा, गिरक्या घ्यायच्या, कॅमेऱ्यासमोर तेच दहा वेळा करायचं. चित्रातली रेषा शरीरावर टिकवायची कशी, हा प्रश्न चित्रकाराचाच नाही का? राबान भविष्यकाळाकडे गेला, भानूताई भूतकाळाकडे गेल्या. पण कपडा म्हणजे मुळात काय, हा प्रश्न दोघांनीही विचारला.

दुसरं उदाहरण १९६८ चं, 'ब्रह्मचारी'. शम्मी कपूरबरोबर मुमताज नाचते, नारिंगी साडी नेसून. आज सत्तरीत असलेल्यांना ती साडी आठवते, आणि त्यांच्या नातींनाही, कारण अजूनही गॅदरिंगला तीच नक्कल होते. इथली अडचण काय? त्या जलद चालीवर पाच-सहा वार कापड सुटून पायात येणार. भानूताईंनी निऱ्या आणि पदर आधीच बसवून घेतले, साडी शिवून टाकली आणि आत झिप लावली. दिसायला साडी, घालायला झगा. त्या काळात साडीला झिप म्हणजे काहींच्या लेखी अधर्मच. आज लग्नसराईत आपल्या वसई-विरारच्या दुकानांत 'शिवलेली नऊवारी' मिळते, मुली पाच मिनिटांत घालून तयार होतात आणि कोणाला त्यात काही गैर वाटत नाही. नाक टोचलेलं नसेल तर दाबाची नथ. अडचण तीच, उत्तराची जातही तीच.

१९८२ च्या 'गांधी'साठी भानूताईंना जॉन मोलो यांच्याबरोबर ऑस्कर मिळालं. ऑस्कर मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय. पुढे 'लेकिन' आणि 'लगान'साठी राष्ट्रीय पुरस्कार. २०१२ मध्ये त्यांनी ती ऑस्करची बाहुली सांभाळून ठेवण्यासाठी अकादमीकडे परत दिली. २०२० च्या १५ ऑक्टोबरला त्या गेल्या. आपल्या माणसाला आपल्या सन्मानाची वस्तू आपल्या देशात सुरक्षित ठेवता येईल असं वाटू नये, याचा विचार मी अधूनमधून करतो. कपड्याला आपण किरकोळ मानतो, म्हणून तो जपायची जागा बांधत नाही. जागा नाही म्हणून वस्तू जातात, आणि वस्तू गेल्या की नावं जातात.

गोव्यात वेंडेल रॉड्रिक्स या डिझायनरने हे ओळखलं होतं. कुणबी बायकांची लाल चौकड्यांची साडी, खांद्यावर गाठ मारलेली, शेतात वाकता यावं म्हणून गुडघ्यापर्यंत नेसलेली. ती विणणं थांबत चाललं होतं. वेंडेलनी ती पुन्हा हातमागावर विणवली आणि रॅम्पवर नेली. गोव्याच्या पेहरावाच्या इतिहासावर 'मोडा गोवा' हे पुस्तक लिहिलं आणि कोलवाळच्या आपल्या घरात संग्रहालय उभारण्याचं काम हाती घेतलं. २०२० च्या फेब्रुवारीत तेही गेले.

आता आपल्या दारात या. वसईच्या कुपारी समाजातल्या म्हाताऱ्या बायकांचं लाल चौकड्यांचं लुगडं तुम्ही सगळ्यांनी पाहिलंय. वाडीत काम करायचं, पाण्यात उतरायचं, डोक्यावर टोपली घेऊन चालायचं, त्या कष्टांना सोसेल असं ते नेसणं. आज ते सणासमारंभात दिसतं, तरुण मुली हौसेने नेसतात, रील बनवतात. काही ज्येष्ठांना हे थट्टेसारखं वाटतं. मला नाही वाटत. १९०५ साली गेओर्ग झिमेल या जर्मन तत्त्वज्ञाने फॅशनवर निबंध लिहिला. माणसाला इतरांसारखंही व्हायचं असतं आणि वेगळंही दिसायचं असतं, फॅशन या दोन्ही ओढी एकाच वेळी भागवते, असं त्याचं म्हणणं. आजीचं लुगडं नेसलेली नात नेमकं हेच करते.

फक्त एक विनंती. रील करा, लुगड्याचं जॅकेट शिवा, त्याची बॅग करा, खुशाल खेळा. पण खेळण्याआधी आजीला विचारा, हे असंच का नेसायचं, गाठ इथेच का, लांबी एवढीच का. ती सांगेल ते लिहून ठेवा, शिवणाऱ्याचं आणि विणणाऱ्याचं नावही लिहा. नियम माहीत असेल तर तो मोडण्यात मजा आहे. माहीतच नसेल, तर आपण काय मोडलं हेसुद्धा आपल्याला कळणार नाही.

वेळ संपत आली आहे, इथे थांबतो. प्रश्न असतील तर विचारा. ऑनलाइन मंडळींचे प्रश्न आधी घेऊ.