हिंग : बल्खपासून बाळाच्या बेंबीपर्यंत

एखाद्याची किंमत उरली नाही, की आपण म्हणतो, 'त्याला कुणी हिंग लावूनही विचारत नाही.' भाषेत इतका मुरलेला हा हिंग मुळात मात्र परदेशी. इराण-अफगाणिस्तानच्या कोरड्या डोंगरांत फेरुला जातीच्या वनस्पतींची मुळे चिरतात. त्यांतून पाझरणारा चीक वाळला की हिंग होतो. संस्कृतातले त्याचे 'बाल्हीक' हे नाव बल्ख प्रदेशाची आठवण ठेवून आहे.

आयुर्वेदाने या पाहुण्याला वातहारक म्हणून मानाचे पान दिले. सुंठ, मिरे, पिंपळी, ओवा, सैंधव, दोन्ही जिरे आणि हिंग यांचे हिंग्वाष्टक चूर्ण तुपात कालवून पहिल्या घासाला घ्यायचे. औषधात कच्चा हिंग घालत नाहीत. तो आधी तुपात परततात. म्हणजे त्याच्या उग्रपणाची जाणीव जुनीच.

गोव्यात राहिलेला पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता याने 1563 साली तिथेच छापलेल्या ग्रंथात लिहिले, की औषधात आणि स्वयंपाकात हिंगाइतका वापर हिंदुस्थानात दुसऱ्या कशाचा नाही. त्याला स्वतःला तो वास असह्य होई! विजयनगरातील एका पोर्तुगीजाच्या घोड्याला वाताची खोड होती, म्हणून राजा तो घेईना. पिठातून हिंग चारल्यावर घोडा सुधारला आणि विकला गेला, ही गोष्टही तो सांगतो.

आपल्या घरांत पोट फुगलेल्या तान्ह्याच्या बेंबीभोवती पाण्यात उगाळलेला हिंग लावतात. लावतात, पाजत नाहीत. आणि या एका क्रियापदात मोठा फरक आहे. पोटदुखीवर हिंगाचे औषध पोटात दिलेल्या पाच आठवड्यांच्या बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती घटल्याची नोंद 1984 साली अमेरिकेतील बालरोगविषयक नियतकालिकात आली. तान्ह्याच्या रक्तातले हिमोग्लोबिन असे बिघडायला फार काही लागत नाही. गर्भवतींनी आणि रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांनीही हिंग औषध म्हणून घेण्याआधी डॉक्टरांना विचारावे. फोडणीतल्या चिमटीची गोष्ट वेगळी.

शिवाय डबीतला हिंग बहुधा निर्भेळ नसतो. त्यात डिंक आणि मैदा किंवा तांदळाचे पीठ असते. गहू न सोसणाऱ्याने डबीवरचा मजकूर वाचलेला बरा.

15 ऑक्टोबर 2020 रोजी हिमाचलातील लाहौल खोऱ्यात पालमपूरच्या संशोधन संस्थेने हिंगाचे रोप लावले. शतकानुशतकांचा पाहुणा आता इथल्या मातीत रुजू पाहतो आहे. त्याच्याबरोबर आलेले मात्रेचे भानही रुजले पाहिजे.