आईच्या मांडीवरची शाळा

गेल्या दिवाळीच्या आधीच्या आठवड्यातली गोष्ट. चकलीच्या भाजणीसाठी तांदूळ काढावेत म्हणून आईने मोठा डबा उघडला. आत हात घातला तो हाताला काहीतरी टणक लागले. ओढून पाहते तर पाटी! आमच्या धाकटीची. चार वर्षांच्या त्या पोरीने आपली पाटी तांदळाच्या तळाशी पुरून ठेवली होती. दोन दिवस घरभर शोधाशोध चालली होती, आणि ही बया आमच्याबरोबर खाटेखाली वाकून पाटी शोधत होती!

सगळे पोट धरधरून हसले. मी मात्र मनातून चपापलो. पाटी पुरण्याची पाळी पोरीवर आणली होती ती मीच. जूनमध्ये तिला बालवर्गात घालायचे, म्हणून दिवेलागण झाली की मी तिला घेऊन बसे. शेजारच्या मुलाला शंभरापर्यंत अंक येतात आणि आमच्या हिला वीसही येत नाहीत, ही माझी काळजी. सारा जन्म लोकांची मुले शिकवणाऱ्या मास्तराच्या घरातच असा अंधार! अकरानंतर ती अडखळे, मी आवाज चढवी, ती रडू लागे. एक गोष्ट माझ्या ध्यानात यायला फार उशीर झाला. जी मुलगी दिवसभर ‘हे काय?’ ‘ते का?’ करून आजीला आणि आईला भंडावून सोडी, ती मला कित्येक दिवसांत एकही प्रश्न विचारीत नव्हती.

पाटीवरचे तांदूळ झटकीत आई म्हणाली, “अरे, हिला मोजता येत नाही म्हणतोस ना? रोज मला वाट्या मोजून तांदूळ तीच देते. काल पाहुणे आले तेव्हा आपणहून म्हणाली, ‘आजी, आज दोन वाट्या जास्त लागतील.’ हे तिला कुणी शिकवलं?”

मला उत्तर सुचले नाही.

मास्तरकीच्या परीक्षेला बसताना आम्ही काही परदेशी नावे पाठ केली होती. कोमेनियस, पेस्टालॉझी, फ्रोबेल, मॉंटेसरी. नाव, ग्रंथ, साल. साल, ग्रंथ, नाव. मार्क मिळाले आणि नावे विसरून गेलो. आईचे ते बोलणे ऐकल्यावर मनात आले, की या मंडळींनी लहान मुलांविषयी खरोखर म्हटले तरी काय होते ते एकदा पाहावे. वर्षभर सवड मिळेल तसा वाचत गेलो. त्या वाचनात जे हाती लागले ते वाचकांपुढे ठेवतो.

कोमेनियस मोराव्हियाचा, म्हणजे आजच्या चेक देशातला. जन्म १५९२ सालचा. आईबाप लहानपणीच वारले, आणि लॅटिन शाळेचा उंबरठा त्याने ओलांडला तो वयाच्या सोळाव्या वर्षी. पुढे तो धर्मोपदेशक झाला, त्याचा संसार थाटला गेला. तोच १६१८ मध्ये युरोपात धर्मयुद्धाचा वणवा पेटला. तो तीस वर्षे विझला नाही. प्रॉटेस्टंट म्हणून कोमेनियसला रानोमाळ लपावे लागले. अशातच १६२२ साली प्लेगने त्याची पत्नी आणि दोन लहानगी मुले नेली. १६२८ मध्ये त्याने मायदेश कायमचा सोडला आणि पोलंडमधल्या लेश्नो गावी आसरा घेतला.

या लेश्नोत बसून त्याने आईबापांसाठी एक लहानसे पुस्तक लिहिले. जर्मन भाषेत ते १६३३ साली छापले गेले. विषय काय, तर जन्मापासून सहा वर्षांपर्यंत घरातच भरणारी शाळा. लॅटिनमध्ये तिला त्याने जे नाव दिले त्याचा अर्थ आहे, आईच्या मांडीवरची शाळा! ज्याच्या घरातली मांडीही एकदा प्लेगने नेली आणि मांडीवरची मुलेही नेली, त्याने हे नाव योजावे, हे वाचताना माझे मन हेलावले.

या शाळेचा अभ्यासक्रम पाहून वाचकांना मौज वाटेल. पदार्थविज्ञान, प्रकाशशास्त्र, खगोल, भूगोल, कालगणना, इतिहास, अंकगणित, भूमिती, यंत्रविद्या, तर्कशास्त्र, व्याकरण, सारे काही त्यात आहे. नावे ऐकून छाती दडपते. पण त्याचा अर्थ कोमेनियस किती सोपा करून सांगतो पाहा. पाणी, माती, विस्तव, पाऊस, दगड यांची ओळख झाली की पदार्थविज्ञान सुरू झाले. उजेड आणि काळोख, तांबडे आणि पिवळे कळले की प्रकाशशास्त्र. सूर्य, चंद्र आणि चांदण्या हा खगोल. शेत कुठे, डोंगर कुठे, नदी कुठे, हा भूगोल. काल, आज आणि उद्या ही कालगणना. काल घरात काय झाले ते आठवून सांगता आले की इतिहासाला आरंभ. थोडे आणि पुष्कळ हे अंकगणित, आणि लांब, आखूड व गोल ही भूमिती. विचारल्या प्रश्नाला नेमके उत्तर देता आले की तर्कशास्त्राचा पहिला धडा झाला. आणि हे सारे खेळता खेळता, घरातल्या कामाधामात. सहा वर्षांच्या आत मुलाला शाळेत धाडण्याची घाई करू नका, असेही त्याने बजावून ठेवले आहे. मी ते दोनदा वाचले आणि पुस्तक मिटून काही वेळ स्वस्थ बसलो.

दीडशे वर्षांनी स्वित्झर्लंडमध्ये पेस्टालॉझी झाला. १७८१ मध्ये त्याची एक कादंबरी प्रसिद्ध झाली. तिची नायिका गर्ट्रूड ही एका गवंड्याची गरीब बायको. पोरांना घेऊन सूत कातता कातता ती त्यांना शिकवते. खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत किती पावले, खिडकीला तावदाने किती आणि ती पाच-पाचांच्या ओळींनी कशी बसवली आहेत, रहाटाचे फेरे किती झाले, हेच तिच्या मुलांचे गणित. मी स्वतः चार कादंबऱ्या लिहिल्या, पण त्यांतल्या एकाही नायिकेला मी कधी मुलांना काही शिकवताना दाखवले नाही, हे तेव्हा ध्यानात आले!

पण गर्ट्रूडपेक्षाही मला जवळचा वाटला तो पेस्टालॉझीचा स्वतःचा अनुभव. १७७४ साली त्याने आपल्या मुलाच्या शिक्षणाची रोजनिशी लिहिली आहे. मुलगा साडेतीन वर्षांचा. एके दिवशी बाप त्याला ओढ्याकाठी नेतो आणि पाणी उताराकडे कसे धावते ते दाखवतो. दोघेही आनंदात असतात. दुसऱ्या दिवशी तोच बाप त्याला अंक आणि शब्द घोकायला बसवतो, मुलगा कंटाळतो, आणि दोघेही त्रासतात. एकाच घरात, एकाच बापाच्या हातून दोन्ही शाळा चालल्या होत्या. जगाने ज्याला शिक्षणाचा आचार्य मानले त्याच्या घरीही पाटी पुरण्याजोगी संध्याकाळ उगवत होती तर! मला तेवढाच धीर आला.

त्यानंतरचा जर्मनीचा फ्रोबेल. तो नऊ महिन्यांचा असतानाच त्याची आई गेली. १८३७ मध्ये ब्लांकेनबुर्ग गावी त्याने लहान मुलांसाठी जी संस्था काढली, तिचे पुढे ‘किंडरगार्टन’, म्हणजे मुलांची बाग, असे नाव झाले. आज गल्लोगल्ली दिसणाऱ्या ‘के. जी.’चे मूळ ते हेच. परंतु फ्रोबेलचे सारे लक्ष शाळेकडेच होते असे नाही. १८४४ साली त्याने आयांसाठी गाण्यांचे आणि बोटांच्या खेळांचे एक सचित्र पुस्तक काढले. आईवाचून वाढलेल्या या माणसाने जगातल्या आयांना मुलांशी खेळायला शिकवावे, हा योग विलक्षण नव्हे काय? आणि प्रशियाच्या सरकारने १८५१ मध्ये या बागांवर बंदी घातली! दुसऱ्याच वर्षी फ्रोबेल वारला.

इटलीच्या मारिया मॉंटेसरी तर डॉक्टर. ६ जानेवारी १९०७ रोजी रोममधल्या सान लोरेंझो या गरीब वस्तीत त्यांनी आपले पहिले बालगृह उघडले. बटणे लावणे, पाणी न सांडता ओतणे, झाडणे, टेबल मांडणे, ही घरची कामेच त्यांनी धडे म्हणून मुलांच्या हाती दिली. आई पोराला ‘लुडबुड करू नकोस’ म्हणून ज्या कामापासून दूर लोटते, तेच काम या बाईंनी मुलाला मानाने बोलावून दिले.

मॉंटेसरींचा विचार काठेवाडात पोचला तो एका वकिलाच्या हाती. हे गिजुभाई बधेका. १९१३ साली त्यांना मुलगा झाला, आणि याला शिकवायचे कसे, या विचाराने त्यांना इतके ग्रासले की मुलाच्या पायी वकिली सुटली. १९२० मध्ये भावनगरला त्यांनी दक्षिणामूर्तीचे बालमंदिर सुरू केले. मुलांवरच्या त्यांच्या मायेमुळे लोक त्यांना ‘मिशाळ आई’ म्हणत. आई होण्याला मिशांची आडकाठी नसते, हे मजसारख्या बापांनी ध्यानात ठेवावे.

या भावनगरात त्यांच्या जोडीला आल्या आपल्या ताराबाई मोडक. जन्म १८९२, मुंबईचा. बी. ए. झालेल्या, विदुषी. १९२६ साली नूतन बाल शिक्षण संघ निघाला, त्यात त्या होत्या. पण त्यांना एक खंत होती. मॉंटेसरींची साधने महाग. ती घेऊन गरिबाच्या मुलाजवळ जायचे कसे? १९४५ मध्ये त्या समुद्रकाठच्या बोर्डी गावी गेल्या. तिथे त्यांना अनुताई वाघ येऊन मिळाल्या. तेराव्या वर्षी लग्न आणि सहाच महिन्यांत वैधव्य आलेल्या अनुताईंनी शिकून सवरून हे व्रत घेतले होते. विलायती साधनांच्या जागी शंखशिंपले आले, बिया, पाने आणि खडे आले. मोजायला तेवढे पुरे होते.

तरीही अडचण उरलीच. वस्तीतली मुले बालवाडीत येतच ना. आईबाप पहाटेच मजुरीला जात, आणि मागे धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन सहा वर्षांची बहीण घर सांभाळी. तेव्हा या दोघींनी ठरवले, की मूल शाळेत येत नाही ना, मग शाळाच मुलाच्या अंगणात न्यावी. अंगणात भरते ती अंगणवाडी! तिथे आधी मुलांना न्हाऊ घालायचे, केस विंचरायचे, आणि मग गाणी, गोष्टी, खेळ. १९५७ पासून डहाणूजवळच्या कोसबाडच्या टेकडीवर वारल्यांच्या मुलांत हे काम वाढले. ताराबाई १९७३ साली गेल्या. २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास योजना देशात ३३ ठिकाणी सुरू झाली, आणि अंगणवाडी हा शब्द भारतभर गेला. अनुताई १९९२ पर्यंत होत्या, त्यांना हे पाहायला मिळाले. पुढे २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने तिसऱ्या वर्षापासूनचा काळ शिक्षणाच्या पायाचा म्हणून धरला.

हा सारा प्रवास डोळ्यांपुढे आणला म्हणजे एक गोष्ट दिसते. घरात काय घडते, ते पाहून या मंडळींनी शाळा बांधल्या. आणि आम्ही मास्तर मंडळी? आम्ही ती शाळा, तिची पाटी, तिची परीक्षा आणि तिची भीती उचलून घरात आणतो. घर तेवढे हद्दपार करतो. ज्या घरात दोन वेळची चूल पेटायची भ्रांत आहे, तिथल्या मुलाला अंगणवाडी हवीच. त्या घराला उपदेश करण्याचा मला अधिकार नाही. पण माझ्या घरात तर आजी आहे, आई आहे, भरला डबा आहे. तिथे उणे होते ते इतकेच, की बापाला सवड नव्हती आणि धीर नव्हता.

आता गेल्या दिवाळीकडे पुन्हा वळतो. तेव्हा मी कोमेनियस वाचलेला नव्हता. आईचे बोलणे मात्र ऐकले होते. संध्याकाळची शिकवणी मी बंद केली. धाकटी आजीजवळ बसून शंकरपाळे कातू लागली. चार कोपरे तर आहेत, मग हा चौकोन असा तिरका का, म्हणून तिने आजीशी वाद घातला. करंजी म्हणजे अर्धी पुरी, हा शोध तिचाच. चकलीच्या तेलात पाण्याचा थेंब पडला की ते रागावते का, हाही प्रश्न तिचाच. रांगोळीचे ठिपके मांडताना ती अकरा ओलांडून पुढे गेली. मी ओसरीवर वर्तमानपत्राआड बसून ते ऐकत होतो. ती कुठे चुकली ते सांगणार नाही. तोंडावर हात ठेवून बसलो होतो एवढे खरे.

लक्ष्मीपूजनाच्या रात्री पणत्या लावून झाल्या. ती अंगणात उभी राहून वर पाहत होती. मग माझ्याजवळ आली, सदरा ओढला आणि म्हणाली, “बाबा, आज चांदोबा कुठं गेला?”

कित्येक महिन्यांनी तिने मला काही विचारले होते. अमावास्या म्हणजे काय, पृथ्वी कशी फिरते, सगळे जिभेवर आले होते. ते मी गिळले. “मला वाटतं, आपण रोज संध्याकाळी बघू या, तो कधी येतो ते,” एवढेच म्हणालो.

पाडव्याला आम्ही दोघे गच्चीवर गेलो, दिसला नाही. भाऊबीजेला सूर्य मावळल्यावर पुन्हा गेलो. पश्चिमेला तांबूस आभाळात नखाएवढी कोर होती, आणि ती तिनेच आधी पाहिली. टाळ्या पिटीत ती खाली धावली ती थेट स्वयंपाकघरात. तिथून ती पाटी घेऊन आली. त्या पाटीला तिने आपणहून हात लावला तो त्या दिवशी. पायरीवर बसून तिने पेन्सिलीने एक वाकडी कोर काढली आणि माझ्यापुढे धरली.

“खाली आज किती तारीख आहे ते लिही बरं,” असे म्हणायचे माझ्या अगदी ओठांवर आले होते. पण मी म्हटले नाही.