सिगारेटच्या कारखान्यातून निघालेली शाळा

गेल्या दोन-तीन वर्षांत नात्यातल्या निदान चार तरुण आईबापांनी मला एकच प्रश्न विचारलाय. "वॉल्डॉर्फ शाळेत मूल घातलं तर पुढे त्याचं कसं होईल?" मी जन्मभर मराठी शाळेत फळ्यापुढे उभी राहिलेली बाई. मला विचारतात याचं कारण एवढंच की घरात निवृत्त शिक्षिका म्हणून आता मी एकटीच उरले आहे. या शाळांत पहिलीच्या आधी अक्षरओळख नाही, खालच्या वर्गांना मार्क नाहीत, मुलग्यांनाही विणकाम करावं लागतं, हे ऐकून आजी-आजोबांच्या पोटात गोळा येतो. मग आईबाप हौसेने आणि आजी-आजोबा काळजीने, दोघंही मलाच फोन करतात.

प्रत्येकाला वेगळं सांगत बसण्यापेक्षा एकदाच लिहून टाकावं म्हटलं. या शाळेला शंभराहून जास्त वर्षं झाली आहेत. तेव्हा "पुढे काय" याचं उत्तर हवं असेल तर मागे काय झालं ते बघणं जास्त भरवशाचं. इतिहास वाचायची खोड आहेच, म्हणून बरंच वाचलं, आणि जे सापडलं ते शाळांच्या माहितीपत्रकांपेक्षा जास्त रंजक निघालं.

नावापासून सुरुवात करू. जर्मनीत हायडेलबर्गजवळ वॉलडॉर्फ नावाचं एक छोटं गाव आहे. तिथे १७६३ साली एका खाटकाच्या घरी जॉन जेकब अ‍ॅस्टर जन्मला. तो अमेरिकेत गेला आणि कातडी-लोकरीच्या, म्हणजे फरच्या व्यापारात कुबेर झाला. त्याच्या वंशजांनी न्यूयॉर्कला जे आलिशान हॉटेल उभारलं त्याचं नाव वॉल्डॉर्फ-अ‍ॅस्टोरिया. त्या हॉटेलचं नाव एका जर्मन सिगारेट कंपनीने घेतलं. आणि त्या कंपनीच्या कामगारांच्या मुलांसाठी जी शाळा निघाली ती वॉल्डॉर्फ शाळा! म्हणजे आज ज्या नावाने पालक ताजी हवा, लाकडी खेळणी आणि नैसर्गिक रंग यांची स्वप्नं बघतात, ते नाव तंबाखूच्या पाकिटावरून आलेलं आहे. कारखाना १९२९ साली बंद पडला. शाळा मात्र राहिली.

ही शाळा निघाली तो काळही बघा. १९१८चा नोव्हेंबर. जर्मनी पहिलं महायुद्ध हरली होती, कैसर पळाला होता, शहरांत उपासमार आणि संप. स्टुटगार्टच्या या सिगारेट कारखान्याचा संचालक होता एमिल मोल्ट. लहानपणीच पोरका झालेला आणि स्वतःच्या हिमतीवर वर आलेला माणूस. त्याने कामगारांसाठी वर्ग आणि व्याख्यानं सुरू केली होती. पण दिवसभर काम करून थकलेल्या मोठ्या माणसांना शिकवण्यापेक्षा त्यांच्या मुलांना शिकवावं, असं त्याच्या आणि कामगारांच्याही मनात येऊ लागलं. २३ एप्रिल १९१९ रोजी तंबाखूच्या गोदामात रुडॉल्फ स्टायनर यांचं कामगारांपुढे भाषण झालं. त्यानंतर शाळेची मागणी पक्की झाली.

यातली खरी ठिणगी आपल्या लक्षात येत नाही, कारण तेव्हाची तिथली पद्धत आपल्याला ठाऊक नसते. जर्मनीत मूल साधारण दहा वर्षांचं झालं की त्याची वाट ठरून जायची. बहुतेकांनी साधी लोकशाळा संपवायची आणि चौदाव्या वर्षी कामाला लागायचं. मूठभरांनी पुढच्या शाळेत जायचं, तिथून विद्यापीठात. कामगाराचा मुलगा पहिल्या वाटेवर आणि साहेबाचा दुसऱ्या, हे जवळजवळ ठरलेलं. स्टायनर यांनी मोल्टला घातलेल्या अटी या पार्श्वभूमीवर वाचाव्यात. शाळा सर्वांना खुली हवी. मुलगे-मुली एकत्र हवेत. बारा वर्षांचं सलग शिक्षण हवं. आणि शाळेचा कारभार शिक्षकांच्या हाती हवा, सरकारने आणि पैसेवाल्यांनी त्यात कमीत कमी लुडबुड करावी. शेवटची अट वाचून माझ्यासारख्या नोकरी केलेल्या बाईला काय वाटलं असेल ते सांगायला नको!

मोल्टने पदरचे पैसे घालून शहरातल्या उलांडसहोहे टेकडीवरचं एक जुनं उपाहारगृह विकत घेतलं. शिक्षकांची तयारी झाली किती दिवस? जेमतेम दोन आठवडे. २१ ऑगस्टला प्रशिक्षण सुरू झालं आणि ७ सप्टेंबर १९१९ला शाळा उघडली. आठ वर्ग, बारा शिक्षक, २५६ मुलं. त्यातली १९१ कारखान्याच्या कामगार-कर्मचाऱ्यांची आणि उरलेली ६५ शहरातल्या इतर घरांतली. हा आकडा मुद्दाम लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

स्टायनर यांच्याबद्दल थोडं सांगायला हवं. जन्म १८६१चा, आजच्या क्रोएशियातला. तरुणपणी व्हिएन्नात ते एका घरी शिकवणी करत. त्या घरातल्या एका मुलाच्या डोक्यात पाणी झालेलं होतं आणि हा काही शिकेल अशी आशा घरच्यांनी सोडल्यातच जमा होती. स्टायनर यांनी त्याला थोडं थोडं, त्याच्या दमाने शिकवलं. तासभर शिकवायला त्यांना त्याहून जास्त वेळ तयारी करावी लागे. तो मुलगा पुढे शाळेत गेला आणि चक्क डॉक्टर झाला. मला विचाराल तर वॉल्डॉर्फ शिक्षणाचं पहिलं 'दूरगामी फळ' हेच, शाळा निघायच्या कितीतरी आधीचं.

पुढे स्टायनर थिऑसॉफिकल सोसायटीच्या जर्मन शाखेचे प्रमुख झाले. ही तीच सोसायटी, जिचं मुख्यालय चेन्नईत अड्यारला आहे आणि जिच्या अध्यक्ष अ‍ॅनी बेझंट होत्या. सोसायटीने कोवळ्या कृष्णमूर्तींना जगद्गुरू ठरवायला घेतलं तेव्हा स्टायनर यांना ते पटलं नाही, आणि १९१२-१३च्या सुमारास ते बाहेर पडले. गंमत म्हणजे कृष्णमूर्तींनीही १९२९ साली ते जगद्गुरूपण झुगारून दिलं, आणि त्यांच्याही नावाने आपल्याकडे शाळा उभ्या राहिल्या. एका भांडणातून दोन शिक्षणपरंपरा निघाल्या म्हणा ना.

आता प्रत्यक्ष शिकवणं. सकाळचे जवळजवळ दोन तास एकच विषय, आणि तो तीन-चार आठवडे सलग. मग दुसरा. तयार पाठ्यपुस्तकावर भर नाही. मुलं ऐकलेलं, पाहिलेलं स्वतःच्या वहीत लिहितात, रंगवतात, आणि ती वही हेच त्यांचं पुस्तक. पहिलीपासून दोन परक्या भाषा, त्या तोंडी आणि गाण्यांतून. विणकाम, सुतारकाम, बागकाम, नाटक सगळ्यांना. नापास करून मागे ठेवणं नाही. वर्षाच्या शेवटी मार्कांऐवजी मुलाबद्दल शिक्षकाने लिहिलेलं निवेदन. आणि माझ्या मते सर्वात महत्त्वाचं म्हणजे पहिली ते आठवी वर्गशिक्षक शक्यतो एकच.

शाळेवर संकटंही आली. प्रत्येक मुलाचा पिंड वेगळा मानणारी शाळा नाझींना पचणारी नव्हतीच. आधी नवीन प्रवेश बंद केले आणि १९३८ साली स्टुटगार्टची शाळा बंद केली. युद्ध संपल्यावर १९४५च्या ऑक्टोबरात ती पुन्हा सुरू झाली, तीही बाँबहल्ल्यांत उद्ध्वस्त झालेल्या शहरात. मला वाटतं, एखाद्या शिक्षणाचा टिकाऊपणा इथेच दिसतो. सात वर्षं बंद असलेल्या शाळेत माणसं परत कशाला येतील? पण शिक्षक परत आले, पालकांनी पुन्हा मुलं पाठवली.

त्या पुन्हा उघडलेल्या शाळेत युद्धानंतरच्या वर्षांत एक मुलगा शिकून गेला, मिखाएल एन्डे. पुढे तो मोठा लेखक झाला. त्याच्या 'मोमो' या १९७३च्या कादंबरीत करड्या कपड्यांतली माणसं लोकांचा वेळ चोरतात आणि त्याच्या चिरुटांच्या धुरावर जगतात. सिगारेट कारखान्याच्या नावाच्या शाळेतला हा विद्यार्थी! योगायोगच असणार, पण मला हसू आल्याशिवाय राहिलं नाही. दुसरं उदाहरण थॉमस स्युडहोफ यांचं. हॅनोव्हरच्या वॉल्डॉर्फ शाळेतून ते १९७५ साली बाहेर पडले आणि २०१३ साली त्यांना वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं. आपले सर्वात प्रभावी शिक्षक म्हणून त्यांनी नाव घेतलं ते त्यांना बसून नावाचं वाद्य शिकवणाऱ्या गुरूंचं. (वाद्याचं नाव 'बसून' आहे. उभं राहून वाजवलं तरी बसूनच!)

पण मंडळी, दोन मोठी नावं सांगून शाळा सिद्ध होत नाही. आमच्याही शाळेच्या स्नेहसंमेलनात दरवर्षी तेच दोन यशस्वी माजी विद्यार्थी व्यासपीठावर बसायचे, आणि बाकीच्या हजारोंचं काय झालं ते कोणी विचारत नसे. म्हणून सर्वसाधारण मुलांचं काय होतं ते बघायला हवं.

आजी-आजोबांची पहिली काळजी वाचनाची. न्यूझीलंडमध्ये सबास्टियन सगेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाचव्या वर्षी वाचायला लागलेली सरकारी शाळेतली मुलं आणि सातव्या वर्षी सुरुवात करणारी स्टायनर शाळेतली मुलं यांची तुलना केली. साधारण अकराव्या वर्षापर्यंत दोघांच्या वाचनातला फरक नाहीसा झालेला होता. म्हणजे उशिरा शिकल्याने मूल मागे राहत नाही. पण हेही प्रामाणिकपणे म्हणायला हवं की यातून ते फार पुढे जातं असंही निघत नाही.

दुसरी काळजी पोटापाण्याची. जर्मनीत हाइनर बार्त्स आणि डिर्क रान्डोल यांनी वेगवेगळ्या वयोगटांतल्या हजाराहून अधिक माजी विद्यार्थ्यांचा अभ्यास करून २००७ साली तो प्रसिद्ध केला. त्यांत शिक्षक, इंजिनियर, वैद्यकीय व्यवसायातली माणसं बरीच निघाली. बहुतेकांनी शाळेची आठवण आपुलकीने काढली. तक्रारीही होत्या. परक्या भाषा पक्क्या झाल्या नाहीत, अभ्यासाचा रेटा कमी पडला, असंही काहींनी सांगितलं. आणि स्टायनर यांचं अध्यात्म मोठेपणी मानणारे त्यांत थोडेच. मला ही शाळेची जमेची बाजू वाटते. गुरूचा पंथ न स्वीकारताही विद्यार्थी शाळेवर प्रेम करतात, म्हणजे त्यांना विचार करायला मोकळीक मिळाली असणार.

तरी यातून सगळं श्रेय शाळेला देता येत नाही. अशी वेगळी शाळा शोधून काढणारं घर मुळातच पुस्तकांचं, गाण्याचं, मुलाशी बोलणारं असतं. त्या घरातलं मूल कुठल्याही बऱ्या शाळेत बरंच वाढलं असतं. घराचा वाटा किती आणि शाळेचा किती, ही वजाबाकी अजून कोणाला नीट जमलेली नाही.

काळ्या बाजूही सांगते. स्टायनर यांच्या व्याख्यानांत मानववंशांविषयी आज वाचवणार नाहीत अशी विधानं आहेत. जर्मनीतल्या वॉल्डॉर्फ शाळांच्या संघटनेला २००७ साली वंशभेदाविरुद्ध जाहीर निवेदन काढावं लागलं. युरोपात काही वॉल्डॉर्फ शाळांत, लस टोचून न घेणाऱ्या घरांमुळे, गोवराच्या साथीही आल्या. चांगली शाळा म्हणून तिथलं सगळंच डोळे मिटून घ्यायचं नसतं.

आपल्याकडे ही शाळा आली ती उशिरा. हैदराबादला 'श्लोक' १९९७ साली, मुंबईत 'त्रिधा' २००० साली. मुलं आनंदात असतात असं ज्यांनी पाहिलंय ते सांगतात, आणि माझा त्यावर विश्वास आहे. पण इथे मला तो १९१चा आकडा आठवतो. पहिल्या शाळेतली चारपैकी जवळजवळ तीन मुलं कारखान्याच्या घरांतली होती. आपल्याकडे अशा शाळेची फी भरू शकणाऱ्यांत विडी वळणाऱ्या बाईचं मूल किती असेल? कामगारांसाठी निघालेली शाळा सुखवस्तूंची झाली, हा या इतिहासातला मला सर्वात बोचणारा भाग.

आणि एक गोष्ट आपण न कळत त्यांच्यासारखी करून पाहिली. शिक्षणहक्क कायदा २०१० साली लागू झाला आणि आठवीपर्यंत नापास करणं बंद झालं. लोकांनी तिला 'ढकलगाडी' म्हटलं. २०१९ साली कायदा बदलला आणि पाचवी-आठवीला पुन्हा परीक्षा घ्यायची मुभा राज्यांना मिळाली. मग स्टुटगार्टला जे शंभर वर्षं चाललं ते इथे दहा वर्षांत का बिनसलं? मला वाटतं, त्यांनी परीक्षा काढली ती जागा रिकामी ठेवली नाही. तिथे एक माणूस बसवला. आठ वर्षं त्या मुलाला रोज सकाळी बघणारा, त्याचा कच्चेपणा जाणणारा आणि तो वर्षाच्या शेवटी शब्दांत लिहून देणारा. आपण परीक्षा काढली आणि शिक्षकाला साठ-सत्तर मुलं, जनगणना, निवडणूक आणि बदलीचा हुकूम दिला. अशा शिक्षकाला मूल कळणार केव्हा?

तेव्हा मला विचारणाऱ्यांना माझं सांगणं एवढंच. शाळेच्या पाटीवरचं नाव बघू नका. आत जाऊन विचारा की माझ्या मुलाच्या वर्गावर जे शिक्षक आहेत ते किती वर्षं त्याच्याबरोबर राहणार? शिक्षक वारंवार बदलत असतील तर वॉल्डॉर्फ नाव असूनही त्यातला गाभा निघून गेलेला असेल. आणि एखाद्या साध्या नगरपालिकेच्या शाळेत मुलाला नावानिशी, गुणदोषांनिशी ओळखणाऱ्या बाई असतील, तर १९१९ साली त्या टेकडीवर जे सुरू झालं त्यातलं बरंचसं तुमच्या मुलाला फुकटात मिळतंय असं समजा.